माशाच्या पोटातील जंत आणि आपला व्यवहार

कटला चिरताना पोटातून पांढरी फीत निघाली, की विक्रेता ती गुपचूप टोपलीत ढकलतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे पाहत होते म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. आमच्या मते हे बरोबर नाही. मासा नीट शिजवला की या जंतापासून खाणाऱ्याला अपाय नसतो, हे सरळ सांगता येते. धान्याच्या ढिगातला भिजलेला भाग वर ठेवायला सांगणाऱ्या पैगंबरांचे (स.) आपण अनुयायी आहोत, हे मासळीच्या गाळ्यावरही लक्षात असावे.

पण खरे नुकसान गाळ्यावर नव्हे, तळ्यात होते. नारूचा रोग ज्यांनी पाहिला त्यांना सायक्लॉप्स ठाऊक असेल. नारू देशातून २००० साली हद्दपार झाला, सायक्लॉप्स मात्र तळ्यात आहेच. जंताची अळी त्याच्या पोटात वाढते. बोटुकली त्याला खाते आणि जंत तिच्या आतड्यात घर करतो. लहान मासा आतडे तुंबून मरतो. मोठा जगतो, पण खाद्य खाऊनही वजन धरत नाही. ठेकेदार खाद्याला दोष देतो! पोटाच्या पोकळीतली लांब फीत वेगळ्या जातीची. ती पाणकावळ्यासारख्या पक्ष्यांमार्फत पसरते आणि पक्ष्यांना कोण अडवणार?

आतड्यातला जंत मात्र बहुधा बीजाबरोबर विकत आणलेला असतो. चीनकडचा गवत्या मासा (भारतात तो १९५९ साली हाँगकाँगहून आला) जगभर नेला गेला, तेव्हा हा जंतही त्याच्याबरोबर अनेक देशांत पोहोचला. आपण तरी बीज घेताना काय पाहतो? हजारी भाव आणि नग, बस्स.

मिठाच्या पाण्यात बुडवले की काम झाले, अशी अनेकांची समजूत आहे. त्याने अंगावरचे परजीवी जातात, पोटातले नाही. छोटे शेततळे उपसून, वाळवून चुना टाकता येतो. तज्ज्ञाच्या सल्ल्याने खाद्यातून औषधही देता येते. ठेक्याच्या मोठ्या तलावात यातले काहीच जमत नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दहा बोटुकल्या चिरून आतडे भिंगाखाली पाहावे आणि शंका आल्यास रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयातील जाणकारांना नमुना दाखवावा. दहा बोटुकल्यांची किंमत ती काय! एवढ्यालाही जो बीजवाला नाही म्हणेल, त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी आमच्या व्यापारी बांधवांनी उचलू नये.