पहिला संशय कोणावर?



या अंकाचं संपादकीय पिक्चरवर आहे. नाक मुरडू नका. मोर्चे, परिषदा, निवेदनं यांवर आपण दर अंकात लिहितोच. पण दिवसभर राबून आलेला आपला पोरगा रात्री बघतो काय? थ्रिलर. मीही बघतो. लपवायचं कशाला?

परवा एक कार्यकर्ता म्हणाला, "सगळे थ्रिलर सारखेच. एक मुडदा, एक पळणारा, एक पोलीस. शेवटी उलगडा, चला घरी."

अर्धं खरं आहे. सांगाडा एकच असतो. काहीतरी दडवलेलं असतं, वेळ कमी असतो आणि संशय या माणसावरून त्या माणसावर फिरत राहतो. यश चोप्राच्या 'इत्तेफाक'मध्ये (१९६९) एक रात्र, एक घर आणि बायकोच्या खुनाचा आरोप असलेला फरारी राजेश खन्ना. एकही गाणं नाही. खरं कोण बोलतंय हे शेवटपर्यंत कळत नाही. निशिकांत कामतच्या 'दृश्यम'मध्ये (२०१५) सगळं उलटं. कुणी मारलं, का मारलं, आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं. गोव्यातला चौथी नापास केबलवाला पोलिसांना पुरून उरतो का, एवढाच प्रश्न.

हिचकॉकने हे त्रुफोला फार सोपं करून सांगितलं होतं. माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत, खाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोट झाल्यावर १५ सेकंदांचा धक्का. माहीत असेल तर १५ मिनिटं जीव टांगणीला.

इथपर्यंत कुणीही समीक्षक सांगेल. माझं मापटं वेगळं आहे. दोन थ्रिलर पारखायचे तर खुनी कोण ते सोडा. पहिला संशय कोणावर जातो ते बघा. आणि पोलीस आला की नायकाला हायसं वाटतं की धडकी भरते, ते बघा.

'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७) घ्या. मिसिसिपीतलं गाव, रात्री झालेला खून. स्टेशनवर गाडीची वाट बघत एक काळा माणूस बसलेला. पाकिटात पैसे सापडले. झालं, उचला साल्याला! चौकीत गेल्यावर कळतं, हा तर फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी, खुनांच्या तपासात पटाईत. सिडनी पॉइटिए. मग तपास त्यालाच करावा लागतो. मळ्याचा गोरा मालक त्याच्या थोबाडीत मारतो, आणि हा तिथल्या तिथं परत हाणतो. खुनी कोण निघाला ते मी विसरलो. ती थप्पड विसरलो नाही.

आता 'जय भीम' (२०२१). तुरुंगाच्या दारातच सुटलेल्यांना जात विचारली जाते. जमीनवाल्या जातीचा असशील तर घरी जा. इरुळर, कुरवर असशील तर बाजूला उभा राहा; न उलगडलेल्या जुन्या केसेस तुझ्याच नावावर. पुढे दागिने चोरीला जातात, राजाकन्नूला उचलतात. मग पोलीस म्हणतात, तो पळाला. त्याची पोटुशी बायको विचारत सुटते, माझा नवरा कुठाय? हे १९९३ च्या खऱ्या प्रकरणावरून घेतलंय. गुन्हेगार जमाती कायदा आला १८७१ साली, गेला १९५२ साली. खरंच गेला का, ते आपल्या पारध्यांना विचारा.

'आर्टिकल १५' (२०१९) बघताना मात्र मी अडखळलो. मजुरीत ३ रुपये वाढवून मागणाऱ्या पोरी. दोघी झाडाला टांगलेल्या, तिसरी बेपत्ता. विषय आपला, मुडदे आपले, तपास ब्राह्मण आयपीएस साहेबाचा. बनवणाऱ्यांची नियत खोटी होती असं मी म्हणत नाही. पण कॅमेरा साहेबाच्या गाडीत बसूनच गावात येतो. जात बघून साहेबाला बसतो तो १५ सेकंदांचा धक्का. आपल्याला टेबलाखालचा बॉम्ब जन्मापासून माहीत आहे.

जॉर्डन पीलच्या 'गेट आउट'ला (२०१७) लोक भयपट म्हणतात. पोटात थ्रिलरच आहे. शेवटी काळा नायक रस्त्यावर, भोवती रक्त, आणि लाल-निळा दिवा चमकवत गाडी येते. आपल्या हिंदी पिक्चरात ती गाडी आली की नायक सुटला. इथं पोटात गोळा येतो, आता हाच आत जाणार! उतरतो त्याचा दोस्त. पीलने आधी नायकाला तुरुंगात पाठवणारा शेवट चित्रित केला होता, मग बदलला.

तो दिवा मला लगेच कळला. एकदा शेवटच्या शोहून आम्ही तिघं चालत येत होतो. गस्तीची गाडी थांबली. नाव? आडनाव? राहता कुठं? वस्तीचं नाव सांगितलं आणि हवालदाराचा आवाज बदलला. खिशातली तिकिटं दाखवली, तरी तासभर बसवून ठेवलं. पडद्यावरचा थ्रिलर अडीच तासांत संपला होता.

तेव्हा थ्रिलर खुशाल बघा. पण गाडी कुणाच्या दारात थांबते ते मोजत बघा. आणि पुढच्या अंकासाठी आपल्या वस्तीतली एखादी रहस्यकथा लिहून पाठवा. अट एकच, तपास करणारा आपला हवा. मुडद्याची कामं आपण पुष्कळ केली.