बायोगॅसचं घोडं पेंड कुठे खातं?

बायोगॅसबद्दल आपल्याकडे दोन मतं छातीठोकपणे मांडली जातात. एक उत्साही मंडळींचं: ओला कचरा फुकट, शेण फुकट, साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा गाळ, म्हणजे प्रेसमड, फुकट, गॅस काढा, गाड्या चालवा, उरलेलं खत विका. दुसरं शहाण्यासुरत्यांचं: गोबरगॅसचं काय झालं ते पाहिलं ना, आता त्याच टाकीला मोठं झाकण लावून अनुदान लाटायचा धंदा निघालाय. पहिलं प्रकल्प अहवालात छापून येतं, दुसरं पारावर ऐकू येतं. दोन्ही चूक आहेत, कारण दोघांचीही नजर फक्त गॅसवर आहे.

आधी शंकेखोरांचं घेऊ, त्यांच्या हाती निदान पुरावा तरी आहे. केंद्रानं ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आणली. २०२३-२४ पर्यंत ५००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे सीबीजी, असं उद्दिष्ट होतं. मुदत संपली तेव्हा योजनेतले सुरू झालेले प्रकल्प शंभराच्या आत होते. यावर कुणीही नाक मुरडेल. पण म्हणून तंत्रच कच्चं, असं कसं म्हणता येईल? माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून गॅस काढायला १८९७ मध्ये सुरुवात झाली. देहूत डॉ. मापुसकरांनी शौचालयांना जोडलेली गॅस संयंत्रं उभी केली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. घरोघरचे गोबरगॅस बहुतेक ठिकाणी बंद पडले ते दोन घनमीटरच्या टाकीला रोज लागणारं ५० किलो शेण गोठ्यात उरलं नाही म्हणून. बैल विकले, ट्रॅक्टर आला, मागोमाग सिलिंडर आला. यात टाकीचा काय दोष?

आता उत्साही मंडळी. कच्चा माल फुकट, हे त्यांचं गृहीतक प्रकल्प उभा राहीपर्यंतच टिकतं. रोज पाच टन सीबीजी काढणाऱ्या प्रकल्पाचा हिशेब मांडून पाहा. टनभर गॅसला साधारण २५ टन प्रेसमड, म्हणजे रोज १२५ टन. वर्षाचे ३३० दिवस चालवायचा तर ४१ हजार टन. रोज ५००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात चार टक्क्यांनी २०० टन प्रेसमड निघतो. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर ३० हजार टन. २०२४-२५ मध्ये राज्यातल्या अनेक कारखान्यांचं गाळप शंभर दिवसांच्या आतच आटोपलं. तसं झालं तर वीस हजारसुद्धा नाही. उरलेला माल शेजारच्या कारखान्याकडून आणायचा. शेजाऱ्याला तुमची नड कळली की काल शेतकरी ट्रॉलीनं उचलून नेत होता त्या ढिगाला आज भाव येतो. त्यात पुरवठ्याचा करार असतो एका हंगामाचा आणि बँकेचं कर्ज दहा वर्षांचं!

बरं, आणून साठवला तरी माल तसाच राहत नाही. फेब्रुवारीत प्रेसमडच्या ढिगात फावडं घालून बघा. वरचा सुकलेला काळा पापुद्रा फुटला की आतून भपकन वाफ येते, हात ठेववत नाही. ती ऊब म्हणजे टाकीत जायच्या आधीच वाया चाललेला गॅस. मे-जूनमध्ये त्याच मालातून हंगामाइतकं उत्पादन निघत नाही. शिवाय साखर पांढरी करायला वापरलेलं गंधक प्रेसमडबरोबर टाकीत उतरतं, हायड्रोजन सल्फाइड होऊन गॅसमध्ये चढतं आणि पाइप, कॉम्प्रेसर खात सुटतं. अहवालात हे सगळं ‘देखभाल खर्च’ या एका ओळीत उरकलेलं असतं.

दुसऱ्या टोकाची दुखणी याहून वाईट. प्रेसमडमध्ये दीडपट तरी पाणी घालावं लागतं आणि गॅस निघून गेल्यावर वजनात फारसा फरक पडत नाही. म्हणजे रोजची तीनशे टन स्लरी. पाणी गाळून पुन्हा फिरवता येतं, तरी बरंच उरतं. खत म्हणून ती चांगलीच आहे. अशा सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपयांचं साहाय्य केंद्रानं २०२३ मध्ये मंजूर केलं. पण अनुदानित युरियाची गोणी तीनशेच्या आत मिळते आणि मोटारसायकलवर टाकून नेता येते. स्लरीला टँकर लागतो. तो जुलैत काळ्या रानात रुतून बसतो आणि प्रकल्पातून मात्र स्लरी जुलैतही तेवढीच निघते. खड्डा पावसानं फुटून ओढ्याला काळं पाणी गेलं की गाव मोर्चा आणतं, त्यात गावाचं काही चुकत नाही. खड्डा फुटला नाही तरी उघड्या स्लरीतून मिथेन हवेत जातोच, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. मग पर्यावरणाच्या नावानं छाती कशाला फुगवायची?

शहरातही तेच. पुण्यात बाणेरच्या कचरा प्रकल्पाला राष्ट्रीय हरित लवादानं २०२० मध्ये टाळं लावायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. त्या वादात मुद्दा दुर्गंधीचा होता, गॅसचा नव्हता. इंदूरचा रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायोगॅस प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, पण ओला-सुका कचरा दारातच वेगळा घ्यायची शिस्त तिथे त्याच्या कितीतरी आधी लागली होती. गॅसमधला निम्मा वाटा शहर बससाठी घ्यायचं महापालिकेनं कबूल केलं होतं. आधी दोन्ही टोकं बांधली, मग टाकी.

सरकारनं शहर गॅस कंपन्यांवर सीबीजी मिसळायची सक्ती केली आहे: २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२८-२९ पासून ५ टक्के. त्यानं गिऱ्हाईक मिळेल, प्रेसमड मिळणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की बायोगॅस प्रकल्प हा मुळात कचरा सांभाळायचा धंदा आहे. शहरानं कचरा उचलायला टनामागे पैसे द्यावेत, तो भार गॅसच्या दरावर टाकू नये. कारखान्यानं टाकीचा आकार सर्वांत तोकड्या हंगामावरून ठरवावा, भरभराटीच्या वर्षावरून नव्हे. झाकलेला स्लरी तलाव पहिल्या दिवसापासून खर्चात धरावा. असे प्रकल्प लहान निघतील, पण चालतील.

आपल्या कारखान्याच्या आमसभेत सीबीजीचा ठराव येईल तेव्हा सभासदांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: प्रेसमडचा करार किती वर्षांचा, आणि जुलैत स्लरी कुठे जाणार. कागदावर उत्तर मिळालं नाही तर ठराव खुशाल नामंजूर करावा.