गडचिरोलीचा कागद शोधायला शिकवा

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संदर्भ कसे शोधायचे याचे रीतसर शिक्षण द्या, असे म्हटले की उत्तर तयार असते. एवढ्या मोठ्या मुलांना ग्रंथालय काय शिकवायचे? सगळे मोबाइलवर मिळते, ज्याला गरज असते तो शोधून काढतो. असे म्हणणाऱ्यांत स्वतः कष्टाने शिकलेले प्राध्यापकही आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हे म्हणणे चूक आहे, आणि या दोन जिल्ह्यांत तर त्याने थेट नुकसान होते.

मोबाइलवर काय मिळते ते पाहू. समजा, एटापल्ली तालुक्यातली एक विद्यार्थिनी जमीनदारी काळातल्या जंगलहक्कांवर काम करते आहे. ती 'गडचिरोली' हा शब्द टाकते. समोर बातम्या येतात, सरकारी योजना येतात, चकमकी येतात. 1982 च्या आधीचे फारसे काही येत नाही, कारण 26 ऑगस्ट 1982 पूर्वी गडचिरोली नावाचा जिल्हाच नव्हता. 1981 च्या जनगणनेत तो नाही. 1991 च्या जनगणनेत पहिल्यांदा आहे. त्याआधीचे सगळे चंद्रपूरच्या आणि त्याहीआधी 'चांदा' या नावाखाली आहे. सिरोंचाकडचा भाग तर अप्पर गोदावरी जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडल्यावर 1874 मध्ये चांद्याला जोडला गेला. म्हणजे सिरोंचाचा जुना कागद चांद्याच्या नावानेही सापडणार नाही. 'माडिया' इंग्रजी पुस्तकांत 'मारिया' होतात. गावांच्या नावांतला शेवटचा 'ड' कुठे डी या अक्षराने लिहिलेला, कुठे आर-एच या अक्षरांनी. आणि राज्य तरी एक कुठे होते? नागपूरकर भोसले, 1861 पासून मध्य प्रांत, पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई, 1960 मध्ये महाराष्ट्र. राज्य बदलले तशी दप्तरे हलली. काही नागपूरच्या पुराभिलेखागारात, काही भोपाळला, काही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत.

त्या मुलीला हे कोणी सांगितलेच नाही तर ती प्रबंधात लिहिते, 'या विषयावर पूर्वी काम झालेले आढळत नाही.' तसे तिला प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात 1909 चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर आहे, 1869 चा मेजर ल्यूसी स्मिथ यांचा जमाबंदी अहवाल आहे, मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे 1916 चे चार खंड आहेत. या ग्रंथांतली साहेबी नजर तपासूनच ते वाचावे लागतात. पण तपासायचे तरी ते आधी हाती लागले पाहिजेत. पुण्या-मुंबईच्या मुलाला त्याच्या शहराबद्दलचा कागद बहुधा त्याच्याच शहरात मिळतो. आपल्या मुलांचा कागद परगावी, परक्या नावाने आणि परक्या स्पेलिंगात पडून आहे. म्हणून शोधण्याचे शिक्षण त्यांना जास्त लागते.

आता तर चॅटजीपीटीला विचारले की संदर्भांची यादीच मिळते, असेही ऐकू येते. ती यादी हुबेहूब खरी दिसते, पण तिच्यातले काही ग्रंथ कधी लिहिलेच गेलेले नसतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असे रचलेले न्यायनिर्णय न्यायालयापुढे ठेवले आणि 5,000 डॉलर दंड ओढवून घेतला. खोटा संदर्भ ओळखायचा तर खरा कुठे तपासायचा हे ठाऊक हवे. तेच शिकवा, एवढीच मागणी आहे.

कोणी म्हणेल, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 पासून पीएच.डी.साठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. आणखी काय हवे? तो अभ्यासक्रम चांगला आहे. चोरी करू नका, बनावट नियतकालिकात छापू नका, हे तो सांगतो. डेटाबेसचाही एक घटक त्यात आहे. पण त्याचे लक्ष प्रकाशनाकडे आहे. तहसील कचेरीतले निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद, कसे मागावे हे त्यात येत नाही. शिवाय तो पीएच.डी.च्या दाराशी सुरू होतो, एम.ए.चा लघुप्रबंध लिहिणारा विद्यार्थी बाहेरच राहतो.

दुसरा आक्षेप गरिबीचा. इथे पुस्तके नाहीत, नेट धड चालत नाही, मग शिकवून उपयोग काय? केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि जवळपास 13,000 नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी खुली झाली. अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही ई-नियतकालिकांची सेवा आहे, आणि देशभरचे प्रबंध शोधगंगेवर फुकट वाचता येतात. कुलूप उघडलेले आहे, आत जायचे कसे ते शिकवलेले नाही. नेट तुटक असते हे खरेच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. तिथला विद्यार्थी गडचिरोलीला किंवा नागपूरला येतो तेव्हा त्याच्या हाती एखादा दिवस असतो. नेमके काय मागायचे, कोणत्या नावाने, कोणत्या वर्षाचे, हे घरून ठरवून आलेला मुलगा त्या एका दिवसात काम उरकतो. न शिकलेला मुलगा तालिकेसमोर बसून परत जातो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. इथले ज्ञान पुस्तकांत नाही, माणसांत आहे, असे तो सांगतो. मोहाचे, तेंदूचे, मधाचे ज्ञान जंगलात राहणाऱ्यांकडे आहे. विद्यार्थ्यांना ग्रंथालयात कोंडू नका, गावात पाठवा. यातले पहिले वाक्य मला मान्य आहे. पण या जिल्ह्याने जगाला दिलेले संशोधन पाहा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीच्या दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला, आणि घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीचा 1999 मध्ये. दोन्ही कामे गावांत झाली. पण जगाने आधी काय छापले आहे हे माहीत असल्याशिवाय 'हे नवे आहे' असे जगाला सांगता येत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर अभ्यासगट हाच गावकारभाराचा पाया केला. तिथले लोक आधी बसून अभ्यास करतात, मग ग्रामसभेत ठरवतात. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे.

वनहक्काचा कायदाच शोधकामाकडे बोट दाखवतो. 2008 च्या नियमांतला 13 वा नियम वाचा. पुरावा म्हणून त्यात वृद्धांचे जबाब आहेत, तसेच गॅझेटियर, जनगणना, जमाबंदी अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना आहेत. एकाहून अधिक पुरावे लागतात. आदिवासी नसलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, दाखवावी लागतात. ती मर्यादा 1930 पर्यंत मागे जाते. ढीवर, कुणबी कुटुंबातल्या म्हाताऱ्याची आठवण तिथवर पोहोचली तरी तिच्या जोडीला कागद लागतो. तो कागद शोधणार कोण? त्याच गावातून एम.ए.ला आलेली मुलगी शोधू शकते, फक्त तिला कोणीतरी शिकवले पाहिजे. माणसांकडचे ज्ञान आणि दप्तरातला कागद यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

म्हणून गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात पदव्युत्तरच्या पहिल्या सत्रातच संदर्भ शोधण्याचा विषय श्रेयांकासह ठेवावा. वर्षारंभीची ग्रंथालय-फेरी, ज्यात मुलांना कपाटे दाखवून चहा पाजतात, ती म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ग्रंथपाल आणि मार्गदर्शक दोघांनी मिळून, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयावर शिकवावे. कोणत्या दिवशी, कुठे, कोणत्या शब्दाने शोधले आणि काय मिळाले नाही, याची वही प्रत्येकाने ठेवावी. न मिळाल्याची नोंद मिळाल्याच्या नोंदीइतकीच कामाची असते. जिथे ग्रंथपालाचे पद रिकामे आहे तिथे ते आधी भरावे. लिपिकाच्या हाती किल्ल्या देऊन हे काम होणार नाही.

परीक्षाही लेखी नको. प्रत्येकाला त्याच्याच तालुक्यातले एक गाव द्यावे आणि 1930 पूर्वीचे त्या गावाचे जितके उल्लेख सापडतील तितके, मूळ कागदाच्या पानासह, आणायला सांगावे. जे सापडेल त्याची एक प्रत विद्यापीठात ठेवावी आणि दुसरी त्या गावच्या ग्रामसभेला द्यावी.