विमानाचा स्थान-अहवाल

स्थान-अहवाल म्हणजे उड्डाणात असलेल्या विमानाने आपला ठावठिकाणा ठराविक क्रमाने हवाई वाहतूक नियंत्रकास कळविणे. भूभागावर रडार असल्यामुळे या निवेदनाची गरज क्वचितच भासते. समुद्रावर मात्र किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरनंतर रडारची दृष्टी संपते आणि वैमानिकाच्या शब्दावर विसंबावे लागते. अरबी समुद्राच्या मोठ्या भागाची जबाबदारी मुंबईकडे आहे. तेथील विमाने ‘मुंबई रेडिओ’शी उच्च वारंवारतेच्या लहरींवर बोलतात किंवा उपग्रहामार्फत लेखी संदेश पाठवितात.

स्वरूप

अहवालात विमानाची संकेतसंज्ञा, स्थान, तेथे पोहोचल्याची वेळ, उंची, पुढील स्थान व तेथील अपेक्षित वेळ आणि त्यापुढचे स्थान हा क्रम असतो. नाव दिलेला बिंदू मार्गात नसेल, तर अक्षांश-रेखांश सांगतात. अक्षांशाचे अंश दोन अंकी व रेखांशाचे तीन अंकी असतात आणि प्रत्येक अंक सुटा उच्चारला जातो. १५ अंश उत्तर, ६५ अंश पूर्व हे स्थान ‘वन फाइव्ह नॉर्थ, झिरो सिक्स फाइव्ह ईस्ट’ असे सांगतात. खरखरीत ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ यांची गल्लत होऊ नये म्हणून नऊचा उच्चार ‘नायनर’ असा करण्याचा संकेत आहे. ऐकणाऱ्याने संदेश पुन्हा उच्चारून दाखवावयाचा असतो.

ही काटेकोर शिस्त अनाठायी नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, अर्थात सुमारे १११ किलोमीटर. ‘१५ अंश ३० मिनिटे’ हे कोणी ‘१५.३० अंश’ असे टिपले, तर स्थान १२ सागरी मैलांनी सरकते. शोधमोहिमेत एवढे अंतर फार मोठे ठरते. लेखी संक्षेपही निर्धोक नाहीत. विमानाच्या संगणकात ‘५२३०एन’ म्हणजे ५२ अंश उत्तर, ३० अंश पश्चिम. तर ‘एन५२३०’ म्हणजे ५२ अंश ३० मिनिटे उत्तर, ३० अंश पश्चिम. उत्तर अटलांटिकवर २०१५ पासून अर्ध्या अंशाच्या अंतराने मार्ग आखले जाऊ लागले, तेव्हा हे साम्य धोक्याचे ठरले आणि अर्ध्या अंशाच्या बिंदूंसाठी ‘एच’ हे आद्याक्षर वापरण्याची शिफारस झाली.

अहवाल आणि वास्तव

याहून गंभीर दोष निराळा आहे. अंक अचूक उच्चारले, अचूक ऐकले, तरी अहवालातून कळते ते वैमानिकाची समजूत काय आहे एवढेच. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान मार्गापासून शेकडो किलोमीटर ढळले होते. तरीही ठरलेले बिंदू ओलांडल्याचे अहवाल त्यावरून येतच राहिले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९९३ च्या चौकशीनुसार ऑटोपायलट मार्गनिर्देशन यंत्रणेशी जोडला गेलाच नव्हता आणि हे वैमानिकांच्या ध्यानात आले नाही. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ जण मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले.

सद्यस्थिती

चुकीच्या समजुतीवरचा तो उपायच आता संशयास्पद ठरू लागला आहे. सप्टेंबर २०२३ पासून इराक-इराण सीमेच्या परिसरात बनावट जीपीएस संकेतांमुळे विमानांची यंत्रणा भलतेच स्थान दाखवू लागली. या प्रकारास ‘स्पूफिंग’ म्हणतात. काही वैमानिकांना आपण कोठे आहोत, हे उलट नियंत्रकांनाच विचारावे लागले. विमानातून आपोआप प्रसारित होणारे स्थानही बहुधा याच स्रोतातून येते. म्हणून तोंडी अहवाल व स्वयंचलित अहवाल जुळले, तरी तो स्वतंत्र पुरावा ठरत नाही. जडत्वावर चालणारी यंत्रणा बाह्य संकेतांवर अवलंबून नसते, परंतु अनेक विमानांत तिच्या आकड्यांनाही जीपीएसची दुरुस्ती लावली जाते.

भारतात सीमावर्ती भागात, मुख्यतः अमृतसर व जम्मू परिसरात, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळही असे प्रकार घडले. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने घटनेची माहिती दहा मिनिटांत देण्याचा आदेश काढला. जमिनीवरील पारंपरिक दिशादर्शक केंद्रांचे किमान जाळे यासाठीच राखले जाते. तक्रारीत बाधित क्षेत्राचे अक्षांश-रेखांशही अपेक्षित असतात. आणि ते नेमके त्याच क्षणी, रडार किंवा अशा केंद्राच्या आधारे, पडताळून घ्यावे लागतात.