फोन ग्राहकाचा, अपडेट मात्र कंपनीचे!

रात्री फोन चार्जिंगला लावून झोपावे आणि सकाळी त्यात नवी प्रणाली उतरलेली असावी, हे आता शहरी ग्राहकाच्या अंगवळणी पडले आहे. पडद्यावरची चिन्हे बदललेली असतात, कॅमेऱ्याला चार नव्या करामती आलेल्या असतात. कधी मात्र आदल्या दिवसापर्यंत संध्याकाळ गाठणारी बॅटरी दुपारीच मान टाकते. विकत घेतलेली वस्तू घरात असताना, कंपनीने दुरूनच तिचे गुणधर्म बदलावेत, हा प्रकार ग्राहक चळवळीला नवा आहे. म्हणूनच स्मार्टफोनच्या अपडेटचा वाद केवळ तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

आयओएस १८ या प्रणालीनंतर आयफोनच्या कामगिरीत बिघाड झाल्याच्या तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आल्या. त्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅपलला नोटीस बजावल्याची माहिती केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी जानेवारी २०२५ मध्ये दिली. तक्रार फोनमधील सुट्या भागाची नव्हती, तर विक्रीनंतर आलेल्या आज्ञावलीची होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

अपडेटच नको, अशी भूमिका घेणे तितकेच धोक्याचे ठरेल. सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १६.६.१ तातडीने दिले, कारण 'पेगासस' हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर वापरकर्त्याने कुठेही बोट न लावता फोनमध्ये शिरू शकेल अशी फट सापडली होती. बँक, भाजीवाल्याचे पैसे आणि डॉक्टरांचे अहवाल एकाच यंत्रात असताना अशी फट उघडी ठेवणे कोणालाच परवडणारे नाही. शिवाय जुन्या प्रणालीवर थांबलेल्याची वाट हळूहळू बंद होत जाते. आयओएस १५.१ पूर्वीच्या प्रणालीवर व्हॉट्सअ‍ॅप मे २०२५ पासून चालेनासे झाले आणि आयफोन ६ सारखे फोन त्या बाबतीत निरुपयोगी ठरले. त्यामुळे अपडेट हे फोनचे आयुष्य वाढविणारेही आहे. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी ७ वर्षांच्या अपडेटची हमी दिली, ती स्वागतार्हच म्हणावी लागेल.

खरी मेख दुसरीकडे आहे. लिथियम बॅटरी जुनी होत गेली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितल्यास दाब घसरतो आणि फोन अचानक बंद पडतो. यावर उपाय म्हणून अ‍ॅपलने जानेवारी २०१७ मधील अपडेटद्वारे जुन्या बॅटरीच्या फोनमधील प्रोसेसरचा वेग आवरला. तांत्रिकदृष्ट्या ही योजना अगदीच चुकीची नव्हती. पण नेमके काय केले जात आहे, हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगितले गेले नाही. चाचण्यांचे आकडे जाहीर झाल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने हे मान्य केले, माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फोन मंदावला तो बॅटरीमुळे, हे आधी कळले असते तर अनेकांनी नवा फोन घेण्याऐवजी नुसती बॅटरी बदलली असती. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ठोठावलेला अडीच कोटी युरोचा दंड याच लपवाछपवीबद्दल होता.

हा एकाच कंपनीचा दोष नाही. इटलीच्या स्पर्धा नियामकाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅपलबरोबरच सॅमसंगलाही दंड केला. जुन्या नोट ४ च्या ग्राहकांना नव्या नोट ७ साठीची प्रणाली घेण्यास सुचविताना तिचे परिणाम सांगितले नाहीत, असा ठपका होता. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल ४ए साठी दिलेल्या अपडेटने काही फोनमधील बॅटरीची क्षमताच घटली. त्याबदल्यात मोफत बॅटरी किंवा भरपाई देऊ केली गेली. तथापि पूर्वीची प्रणाली पुन्हा टाकून घेण्याची मुभा ग्राहकाला नव्हती.

आयफोनबाबतही हेच घडते. नवी प्रणाली आल्यानंतर काही काळाने कंपनी जुन्या प्रणालीला आपल्या सर्व्हरवरून मान्यता देणे थांबवते आणि परतीचा दरवाजा बंद होतो. आयओएस १५ च्या वेळी, २०२१ मध्ये, जुन्याच प्रणालीवर राहून केवळ सुरक्षेचे अपडेट घेण्याची सोय अ‍ॅपलने दिली होती. परंतु ती तात्पुरतीच ठरली. सुरक्षा आणि सजावट एकाच पुडीत बांधून देण्याच्या या रीतीमुळे, दार घट्ट हवे असेल तर घराचा रंगही बदलून घ्या, अशी ग्राहकाची अवस्था झाली आहे.

युरोपीय संघाने या बाबतीत पाऊल उचलले आहे. २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, कंपनीने जाहीर केलेली मानके अपडेटमुळे खालावणार असतील तर ग्राहकाची आधी स्पष्ट संमती आवश्यक आहे. अपडेट नाकारल्याची शिक्षा म्हणून फोनची कामगिरी बदलताही येत नाही. भारतात 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाबाबतच्या समितीने मे २०२५ मध्ये केंद्राला अहवाल दिला असून, सॉफ्टवेअर अपडेट हाही त्यातील एक निकष आहे. तथापि गुणांकन म्हणजे संमती नव्हे. वस्तूच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आहे. तो दुकानाच्या उंबरठ्यापाशी संपतो की अपडेटपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न आता सुटायला हवा.

या बाबतीत ग्राहकांच्या मागण्या अवाजवी नाहीत. सुरक्षेचे अपडेट वेगळे मिळावे. जुन्या फोनच्या वेगावर वा बॅटरीवर परिणाम होणार असेल तर तो मराठीसह ग्राहकाच्या भाषेत आधीच सांगावा. आणि ठरावीक मुदतीत परत फिरण्याची सोय असावी. कोणत्याही दुकानात पसंत न पडलेले कापड काही दिवसांत बदलून मिळते. लाखभर रुपये मोजून घेतलेल्या फोनच्या वाट्याला तेवढेही सौजन्य नसेल, तर 'अपडेट करा' या बटणासमोर ग्राहकाचे बोट अडखळणारच.