राखीव जागा आहे, पण तिथपर्यंत नेणार कोण?

आपण आयटीवाले कुठल्याही प्रश्नावर सॉफ्टवेअर शोधतो. ज्याला ना नीट दिसतं ना नीट ऐकू येतं, त्याच्यासाठीही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. ब्रेल डिस्प्ले जोडला की स्क्रीनवरचा मजकूर बोटांखाली उमटतो. झालं काम? छे! ऑफिसपर्यंत सोबत करायला, मीटिंगमधलं बोलणं हातावरच्या खुणांनी पोचवायला माणूसच लागतो.

अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने अशा लोकांसाठी राष्ट्रीय केंद्र मंजूर झालं, आजचं हेलन केलर नॅशनल सेंटर. नोकरीचं प्रशिक्षण न्यूयॉर्क राज्यात, पण विभागवार प्रतिनिधी देशभर.

आपल्याकडे अंध-बधिरांसाठी मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना किमान ४ टक्के आरक्षण दिलं. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार अशा सगळ्यांत वाटायचा, आणि अंध-बधिर त्याच रांगेत.

बरं, तेवढं तरी मिळालं. पण गडचिरोलीच्या मुलाने रोज मुंबई गाठायची का? माझ्या मते जिल्ह्याला एक तरी प्रशिक्षित दुभाषा-सोबती सरकारी पगारावर हवा. नाहीतर ती जागा राखीवच राहील, रिकामी.