कारागिराचे येणे कोण बुडवितो?

गेल्या बाजाराच्या दिवशी हरसूलास एका शिंप्याच्या दुकानी आम्ही घटकाभर बसलो होतो. दुकान ते काय? चार पत्रे, पायाने चालवावयाचे एक मशीन आणि दोरीवर टांगलेले शिवून तयार कपडे. त्यांतले काही शिमग्यापासून तेथेच लोंबत होते. हे कोणाचे, म्हणून आम्ही विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, हे ज्यांनी नेले नाहीत त्यांचे. ह्यांची मला काळजी नाही, माल माझ्यापाशी आहे. जे नेले गेले आणि ज्यांचे पैसे आले नाहीत, ते तुम्हांला कसे दिसणार?"

एकंदर येणे किती, असे विचारता तो आढ्याकडे पाहून बोटे मोजू लागला. वही नव्हती. एका पुठ्ठ्यावर कापडाच्या खडूने काही नावे लिहिली होती, ती पावसाळ्याच्या दमटीने निम्मी पुसून गेली होती. आम्ही पिशवीतून एक कोरी वही काढली आणि त्याच्या तोंडून एकेक नाव उतरून घेतले. मधून मधून गिऱ्हाईक येई, त्यामुळे दोन तास लागले. वही पुरी झाल्यावर तीत जे दिसले, त्याविषयी आज लिहावयाचे आहे.

उधारी बुडवितो तो गरीब, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही होती. पाड्यावरच्या माणसाचे नागली, वरई आणि भात ह्यांवर वर्ष निघत नाही. दिवाळी झाली की तो बायकोपोरांसह दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या मळ्यांत, नाहीतर नाशकात बांधकामावर जातो. त्याने पैसे द्यावे तरी कोठून? परंतु वहीत निराळेच निघाले. पाड्यांवरची नावे पुष्कळ होती खरी, पण रकमा लहान, आणि मागल्या सालच्या बहुतेक बाक्या ती माणसे शिमग्याला घरी परतल्यावर फिटलेल्या. एका म्हातारीने नातवाच्या सदऱ्याची शिलाई तीन बाजारांत थोडी थोडी करून आणून दिली होती. जे मोठे आकडे दोन-दोन वर्षे जागचे हलले नव्हते, ते पांढऱ्या कपड्यांचे होते. एक ठेकेदार, एक पुढारी, दोन पगारदार गृहस्थ. आणि एक शाळा.

शाळेचे नाव आम्ही सांगत नाही. त्या व्यवहारात आमचाही हात होता, एवढे मात्र कबूल करतो. मुलांचे गणवेश शिवावयास दिले तेव्हा "अनुदान आले की लगेच देऊ" हा शब्द आमच्याच तोंडचा. अनुदान आले ते वर्ष उलटल्यावर, आणि तेही अपुरे. दोरा, बटणे, अस्तर ह्यांचा खर्च त्याने पदरचा केला होता. त्या वर्षात तो शाळेच्या फाटकापाशी चार-पाच वेळा येऊन गेला. दर वेळी विचारी, "गुरुजी, पोरगं अभ्यासात कसं आहे?" आम्ही सांगत असू, चांगले आहे. तो मान हलवी आणि परत जाई. तो पोराच्या अभ्यासाकरिता येत नव्हता, हे आम्हांस परवा वही लिहिताना उमगले. त्याने एकदाही पैसे मागितले नाहीत, आणि आम्हीही आपण होऊन विषय काढला नाही.

मागण्याची ही लाज त्याच्या एकट्याची नव्हे, पिढ्यांची आहे. बलुत्याच्या रीतीत कारागिराने वर्षभर राबावे आणि सुगीत खळ्यावर जाऊन उभे राहावे. फाळ शेवटून दिला, मोट शिवली, हजामत केली, मडकी घातली. ह्यांतल्या एकेका कामाला दर असा नव्हता. पदरात किती दाणे पडतील हे त्या सालच्या पिकावर आणि कुळाच्या मर्जीवर. जे हक्काचे ते हात पसरून घ्यावे लागे, आणि असे शंभर वर्षे चालले म्हणजे मजुरी आणि भीक ह्यांतला फरक देणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही, घेणाऱ्याच्याही नाही. त्यात गावाच्या मर्जीविरुद्ध कोणी डोके वर काढले की पहिली शिक्षा म्हणजे बलुते बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते ह्याच दुखण्यावर. महाराने सरकारी काम रात्रंदिवस करावे आणि त्याचे पोट मात्र गावकऱ्यांच्या लहरीवर असावे, हे मोडून बलुत्याच्या ऐवजी रोख रक्कम ठरवावी व ती शेतसाऱ्याबरोबर वसूल व्हावी, अशी त्यात तजवीज होती. ते बिल १९२९ साली मागे घ्यावे लागले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. वतने गेली, पण दारी उभे राहून मुकाट्याने वाट पाहण्याची सवय काही कायद्याने जात नाही.

ह्यात कुळाचीही बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' ह्या पुस्तकात बलुत्याची रीत कुणब्यालाही कशी महाग पडते हे सविस्तर मांडले आहे. आजही आमचे शेतकरी वाचक म्हणतील, इसार घेऊन लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत कपडे न देणारा शिंपी आम्ही पाहिला आहे, आणि ऐन आवणीच्या तोंडावर औत दुरुस्तीला टाकले असता आज-उद्या करणारा मिस्त्रीही पाहिला आहे. खरे आहे. ज्याचा वायदा खोटा त्याला दुसऱ्याच्या खोट्या वायद्याबद्दल ओरडता येत नाही.

आता वहीकडे येऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खते आणि वह्या काढून जाळल्या. सावकार लिहीत होता आणि कुणबी न वाचता अंगठा देत होता, त्याचा तो शेवट. त्यानंतर १८७९ साली जो शेतकऱ्यांचा कायदा झाला, प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरता, त्यात सावकाराने लेखी पावती व सालाचा हिशेब दिला पाहिजे असे ठरले. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातात केवढे बळ असते हे सरकारलाही पटले. कारागिराची गोष्ट ह्याच्या उलट. त्याच्यापाशी जाळावयासदेखील वही नव्हती. आम्ही शाळामास्तर मुलांना चक्रवाढ व्याजाची उदाहरणे घालतो, पण "आपल्या बापाचे गावात येणे किती, ते लिहून आणा" असे उदाहरण आम्ही आजवर कोणाला घातले नाही.

वही नुसती आठवणीसाठी नको, कायद्यासाठीही हवी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर केलेल्या कामाच्या मजुरीचा दावा काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. तीन वर्षे गोडीगुलाबीत गेली की देणेकरी हसून मोकळा. परंतु ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने "एवढी बाकी माझ्याकडे आहे" असे लिहून खाली सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. सबब दर दिवाळीस वही घेऊन जावे आणि बाकीपुढे सही मागावी. पैसे मागताना जो गृहस्थ डोळे वटारतो तो सही देताना फारसे काही म्हणत नाही, कारण सहीला खिशातून काही जात नाही असे त्याला वाटते. तसे वाटू द्यावे.

दुसरी गोष्ट ह्याहूनही कामाची. १८७२ च्या कराराच्या कायद्यात १७० वे कलम आहे. आपल्याकडे दुरुस्तीला अगर घडवावयास आलेल्या वस्तूवर आपण मेहनत व कसब खर्च केले असेल, तर ठरल्याप्रमाणे काम पुरे केल्यावर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू आपल्यापाशी ठेवून घेण्याचा हक्क त्या कलमाने कारागिराला आहे. सायकलवाला, मोटारीचा मिस्त्री, लोहार, घड्याळजी, सर्वांना तो लागू. गंमत अशी की ह्या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी जी उदाहरणे दिली आहेत त्यांत एक शिंप्याचे आहे. एका गृहस्थाने कोटासाठी कापड दिले. शिंप्याने कबूल केले की कोट तयार होताच देईन आणि पैशाला तीन महिने थांबेन. तर मग त्या शिंप्याला पैशासाठी कोट अडवून ठेवता येणार नाही. म्हणजे उधारीचा शब्द आधी देऊन बसला की हक्क गेला. आमचा शिंपी माप घेतानाच म्हणतो, "पैशाची काय घाई आहे, दादा?" हे वाक्य त्याला किती महाग पडते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. वस्तू एकदा हातची सोडली की अडविण्याचा हक्क संपतो, आणि अडविलेली वस्तू ह्या कलमाने परस्पर विकता मात्र येत नाही, हेही ध्यानात असावे.

न्हाव्याचे काय? केलेली हजामत अडवून ठेवता येत नाही. पिठाच्या गिरणीचे बरे, डबा तेथेच असतो. ज्यांचे काम गिऱ्हाइकाच्या अंगावर नाहीतर शेतात होते, ते न्हावी, ट्रॅक्टरवाले, मांडव व वाजंत्रीवाले, त्यांनी निम्मा इसार आधी घेतल्यावाचून काम धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अलीकडे आणखी एक नवी वाट निघाली आहे. गृहस्थ फोन पुढे करून म्हणतो, "पाठवले, पोहोचतील." आमच्या डोंगरात रेंज नाही हे सर्वांना ठाऊक, म्हणून कोणी खोटे म्हणत नाही. पैसे पोहोचल्याची खूण आपल्या फोनवर दिसेपर्यंत माल हाती देऊ नये. ह्यात कोणाचा अपमान होत नाही.

ठेकेदार व संस्था ह्यांच्यासाठी निराळे हत्यार आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाहीत; करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून चालू आहे आणि तिला फी नाही; काम घेण्याआधीच करून ठेवावी. १७ सप्टेंबर २०२३ पासून सरकारने विश्वकर्मा योजना काढून शिंपी, लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, परीट धरून १८ धंद्यांना अवजारे व कर्ज देऊ केले, हे चांगलेच झाले. पण नव्या अवजाराने केलेल्या कामाचे पैसे बुडाले तर कर्जाचा हप्ता कोठून भरावा? ह्या प्रश्नाचे उत्तर वहीतच शोधावे लागणार.

कोर्टाची पायरी चढण्यास आमचे लोक भितात, आणि दोन-चार हजारांसाठी वकील परवडत नाही हेही खरे. परंतु १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीजमातींच्या माणसास आणि कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न न पाहता, फुकट वकील मिळतो. हरसूलच्या बाजारातल्या बहुतेक कारागिरांचे काम ह्यातच भागेल. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज केला म्हणजे दावा लावण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे कोर्ट फी नाही, झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की, आणि तीवर अपील नाही. एका साध्या नोटिशीने पुष्कळ पांढरे कपडे नरम येतात.

हे सर्व हत्यार पाड्यावरच्या माणसावर उगारावे असे मात्र आमचे म्हणणे नाही. जो द्राक्षाच्या कामावरून परतल्यावर देणार आहे त्याच्याकडे शिमग्यापर्यंत थांबावे, त्याचे नाव चारचौघांत घेऊ नये, व्याज लावू नये. त्याने नागली देऊ केली तर घ्यावी, मात्र त्या दिवसाच्या बाजारभावाने रुपयांत लिहून त्याच्या देखत जमा करावी. कारागिराने सावकार व्हावे ह्यासाठी आम्ही वही देत नाही. ज्याच्या घरी दरमहा पगार येतो आणि ज्याची गाडी दारात उभी असते, त्याच्या बाबतीत थांबण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

परवाच्या वहीत शेवटी आमच्याच घरच्या दोन सदऱ्यांची शिलाई निघाली. ती देण्याचे राहिले होते हे आमच्या ध्यानातही नव्हते. ती आम्ही तेथेच दिली आणि जमेपुढे त्याची सही घेतली. शाळेकडची बाकी समितीच्या पुढच्या बैठकीत मांडावी, आणि पैसे नसतील तर निदान बाकी मान्य असल्याची सही वहीत करून द्यावी, असे आम्ही अध्यक्षांस सांगितले आहे. ते म्हणाले, "बघू, गुरुजी." येत्या बाजारी शाळा सुटल्यावर आम्ही पुन्हा त्याच दुकानी बसणार आहो. ज्या कारागीर बंधुभगिनींस वही आखून व मागली बाकी उतरून हवी असेल, त्यांनी कोरी वही घेऊन तेथे यावे.